सेमिनारचा रिपोर्ट : साहित्य ढीगभर आहे, मांडायचं कसं?

पेठेतली_पोर :
नमस्कार मंडळी, जाम अडकलेय. एमए इतिहास, दुसरं वर्ष. या सेमला सेमिनार कोर्स आहे, चार क्रेडिट, प्रत्येकाने आपापला रिपोर्ट द्यायचा, ग्रुप वगैरे नाही. वीस पानांच्या आत, मग दहा मिनिटं प्रेझेंटेशन आणि तोंडी. माझा विषय मंजूर झालाय, 'पुण्यातील ऐतिहासिक जलव्यवस्था : एक अभ्यास'. दोन महिने नुसती जमवाजमव केली, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत आणलेलं पाणी, वाटेतले उच्छ्वास (नळातली हवा बाहेर सोडणारे मनोरे), पेठांमधले हौद, फोटो तर मोबाईलमधे दोनशेच्या वर असतील. सरांनी फळ्यावर पाच प्रकरणं लिहून दिली, प्रस्तावना, साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष, आणि म्हणाले या साच्यात बसवा. मी प्रस्तावना लिहायला बसले, नानासाहेब पेशव्यांपासून सुरुवात केली आणि अकरा पानं झाली तरी अजून इंग्रजसुद्धा आले नाहीत. तीन आठवडे राहिलेत. कुठलं कुठे टाकायचं, काय कापायचं, कोणी सांगेल का? प्लीज 'गाईडला विचार' म्हणू नका, सरांकडे आम्ही बावीस जण आहोत.

खडू_फळा :
अगं, आधी शीर्षकाकडे बघ. 'एक अभ्यास' हे शेपूट आपल्याकडच्या निम्म्या रिपोर्टांना असतं आणि ते दिसलं की मी समजतो, प्रश्न अजून ठरलेला नाही. (सव्वीस वर्षं हे रिपोर्ट तपासतोय, त्यामुळे थोडं तिरकं बोललो तर राग मानू नकोस.) तुझी अकरा पानं झाली कारण कुठे थांबायचं हे सांगणारं काहीच तुझ्याकडे नव्हतं. नानासाहेबांपासून निघालेल्या माणसाला वाटेत माधवराव लागणार, नाना फडणवीस लागणार, कोणाला टाळणार?

'पुण्यात पाणी कसं यायचं' हा विषय झाला. 'खडकवासल्याचं धरण १८७९ ला पूर्ण झालं, पुढे नळ आले, तरीही कसबा पेठेतले हौद लोक का वापरत राहिले' हा प्रश्न झाला. याला चारपाच उत्तरं संभवतात. घरात नळ घेणं परवडत नव्हतं म्हणून? नळाला पाणी पुरत नव्हतं म्हणून? नळाचं पाणी सोवळ्यात चालेना म्हणून? की हौद दारात होता आणि सवय होती एवढंच? आता यातलं कुठलं खरं आणि कशावरून, हे सांगायला तुला पुरावा मांडावाच लागतो, आणि पुरावा मांडायला लागलीस की प्रकरणं आपोआप पडतात. ज्या पानाचा या प्रश्नाशी संबंध नाही ते पान जातं. शनिवारवाड्यातल्या कारंज्यांचं वर्णन कितीही सुंदर असलं तरी जातं.

वीस पानांत अख्खं पुणं घेऊ नकोस. एक पेठ घे, तीन हौद घे.

सदाशिव_सायकलवाला :
सरांचं पटतंय पण एक व्यवहाराचं बोलू का, मार्क गाईडच्या हातात आहेत. त्यांनी पाच प्रकरणं सांगितली तर पाचच कर, नावं पण तीच ठेव. उगाच क्रांती करायला जाऊ नकोस.

मागच्या_बाकावरून :
वरच्या भाऊंशी अर्धा सहमत. मी हेच भोगलंय गेल्या वर्षी. कॉलेजचं नाव घेत नाही. माझा विषय पीएमटीच्या बसचा होता, अठ्ठावीस पानांचा रिपोर्ट, त्यातली सतरा पानं शहराचा इतिहास, टांगे होते, मग सिल्व्हर ज्युबिली ही खासगी बस कंपनी होती, मग हे, मग ते, आणि मी स्वतः स्वारगेटला आठ दिवस उभं राहून पन्नास कंडक्टरशी बोललो होतो ते सगळं शेवटच्या तीन पानांत कोंबलं, कारण तोवर दमलो होतो. बाहेरून आलेल्या मॅडमनी रिपोर्ट चाळला, मागून पुढे, पुढून मागे, आणि एकच प्रश्न विचारला, "यात तू काय केलंस?" मी म्हटलं मॅडम शेवटी आहे. त्या म्हणाल्या शेवटी का आहे? काय सांगणार, घाम फुटला. तीसपैकी तेरा.

तर प्रकरणांची पाच नावं सरांची ठेव, पण आतली उपशीर्षकं तुझी कर. 'प्रकरण ४ : विश्लेषण' एवढंच लिहिलंस तर वाचणाऱ्याला काही कळत नाही. त्याखाली 'नळ होता, पण दोनच तास' असं उपशीर्षक आलं की तुला काय सापडलं ते अनुक्रमणिकेतच दिसतं. म्हणजे जर ते खरंच सापडलं असेल तर, मी आपलं उदाहरण दिलं. माझ्या मैत्रिणीने असं केलं होतं, तिच्या सरांनी काहीही हरकत घेतली नाही, साचा पाळलाय ना मग झालं.

पेठेतली_पोर :
अय्यो सगळ्यांचे आभार. 'एक अभ्यास' वाचून हसले आणि मग रडले. 😅 सर, तीन हौद घ्यायचे तर चालेल, कसब्यातच राहते, साततोटी चौकात तर रोज जाते. आजोबांच्या ओळखीचे चारपाच जण आहेत ज्यांनी पानशेतच्या पुरानंतर हौदावरून पाणी भरलंय, त्यांच्याशी बोलू शकते. पण मग पेशवाईचं सगळं टाकून द्यायचं का, दोन महिने वाचलंय हो. आणि साहित्याच्या आढाव्यात काय लिहितात ते मला अजिबातच कळलेलं नाही. मी सात पुस्तकांचा सारांश लिहिलाय, एकेक परिच्छेद.

कपाट_क्रमांक_नऊ :
ग्रंथालयात काम करते म्हणून आढाव्याचं मी सांगते. सात पुस्तकांचे सात परिच्छेद म्हणजे सूचीपत्र झालं, ते काम आमचं आहे. आढावा मतांवरून लाव. या विषयावर लिहिणारे साधारण कुठकुठल्या गोष्टी सांगतात बघ. काहींना बांधकामाचं कौतुक असतं, चढउतार कसा साधला, उच्छ्वास कशाला ठेवले. काहींचा भर पाणी कोणाला मिळायचं आणि कोणाला नाही यावर असतो, जोतीराव फुल्यांनी १८६८ मधे घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला ती गोष्ट तिथे येते. तिसरे वारसा म्हणून लिहितात, हौद वाचवा वगैरे. तीन गट केलेस की एकेका गटात दोनतीन पुस्तकं बसतात आणि शेवटी एक वाक्य येतं, की लोक हौद का वापरत राहिले हे यांच्यापैकी कोणी नीट विचारलेलं नाही. खरोखर कोणी विचारलं नसेल तरच हं, शोधून मग लिही. ते वाक्य लिहिता आलं की आढावा संपला, दोन पानं पुरतात.

पेशवाई टाकू नकोस, दीड पानात बसव. तुझे दोन महिने वाया गेले नाहीत, ते तोंडीला कामी येतील, तिथे हमखास विचारतात.

साधनं : १८८५ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर घे, पुण्याचा अठरावा खंड, तीन भाग आहेत, शहराचं वर्णन तिसऱ्या भागात आहे. पण ते साहेबाच्या नजरेने लिहिलंय हे पद्धतीच्या प्रकरणात एका वाक्यात नोंदव. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० पासून आहे, तुझ्याकडून चालत जाता येईल. विद्यापीठात जयकर ग्रंथालय. आणि घरबसल्या शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांची वेबसाइट) दोनतीन मराठी प्रबंध उघड, नुसत्या अनुक्रमणिका वाच, चांगली कोणती नि भरताड कोणती ते पाच मिनिटांत कळतं.

अजून एक, यावर माझं फार डोकं फिरतं. ऐकीव आणि लेखी यांची सरमिसळ करू नकोस. फरासखान्यापाशी बाहुलीचा हौद आहे ना, तो सत्यशोधक समाजाचे डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बांधला. ती मुलगी कशी गेली, तर लाडवातून काच घालून मारलं, मुलीला शिकवतात या रागापोटी, असं सांगतात. आता रिपोर्टमधे 'काच घालून मारले' असं सरळ ठोकून दिलंस तर मी तरी पहिल्यांदा विचारीन, आधार काय? 'अशी आख्यायिका आहे' लिहिलंस तर ते लिहायचा तुला पूर्ण हक्क आहे. कागदोपत्री आहे ते तळटीप देऊन, लोक सांगतात ते 'लोक सांगतात' म्हणून, आणि तू डोळ्यांनी पाहिलंस ते तारखेसकट. प्रत्येक वाक्य या तिन्हीतलं कुठलं आहे ते तुला स्वतःला तरी माहीत पाहिजे.

सदाशिव_सायकलवाला :
हे भारी आहे. आणि कॉपीपेस्टचं पण सांगून टाका कोणीतरी.

कपाट_क्रमांक_नऊ :
यूजीसीचे २०१८ चे नियम प्रबंधांना आहेत, त्यात दहा टक्क्यांपर्यंत साधर्म्याला दंड नाही. सेमिनारला तुमचं कॉलेज काय आकडा धरतं ते विचारून घ्या. पण दहा टक्के चालतं म्हणजे दहा टक्के उचलायची परवानगी आहे असं नाही हो, दरवर्षी कोणीतरी असा अर्थ काढतंच.

खडू_फळा :
आता पानांचं गणित. हे माझं, तुझ्या सरांचं वेगळं असू शकेल. प्रस्तावना अडीच, त्यात पहिल्याच पानावर प्रश्न आला पाहिजे, तिसऱ्या पानावर नाही. मागची दीड पान पेशवाई यातच धर. आढावा दोन. पद्धत एक ते दीड, म्हणजे कोणते तीन हौद आणि हेच का, किती जणांशी बोललीस, त्यांना कसं निवडलंस, ते सगळे आजोबांच्या ओळखीचे आहेत ही अडचण तिथेच कबूल कर, लपवलीस तर तोंडीला बाहेर येईलच. बोलण्याआधी त्यांची परवानगी घे आणि रिपोर्टमधे नावं न देता 'निवेदक १', 'निवेदक २' असं कर. उरलेली नऊदहा पानं विश्लेषणाला, निष्कर्षाला दीड. प्रश्नावली आणि हाताने काढलेला नकाशा परिशिष्टात. दोनशे फोटोंतले चार घे.

आणि लिहायला सुरुवात प्रस्तावनेपासून करूच नकोस. आधी विश्लेषण लिही. आपण कुठे पोचलो ते कळल्यावर कुठून निघालो ते लिहिणं सोपं जातं. सारांश हवा असेल तर तो सगळ्यात शेवटी.

कच्चा मसुदा झाला की एक कोरा कागद घे आणि प्रत्येक परिच्छेद एका वाक्यात लिहून काढ, फक्त तो काय म्हणतो ते. एखाद्या परिच्छेदाचं वाक्यच होत नसेल तर तो परिच्छेद म्हणजे गप्पा आहेत. दोघांचं एकच वाक्य झालं तर एक उडव. मग नुसती ती वाक्यं वरून खाली वाच आणि जिथे ठेच लागते तिथे क्रम चुकलाय. मी मुलांकडून हे समोर बसून करून घेतो, पहिल्यांदा सगळे कंटाळतात.

पेठेतली_पोर :
आठवड्यानंतर परत आले. चार आजोबा आणि दोन आज्यांशी बोलले. आणि माझं सगळं उलटंपालटं झालं. मला वाटत होतं परवडत नव्हतं हेच उत्तर निघणार. पण दोन्ही आज्या म्हणाल्या घरात नळ होता, तरी धुणं हौदावरच, कारण तिथे बायका भेटायच्या. एका आज्जींनी तर हौदाच्या कडेवर कुणाची कुठली जागा ते बोटाने हवेत काढून दाखवलं. पुरुषांपैकी एकानेही हे सांगितलं नाही, ते सगळे पुराचंच बोलत होते. आता विश्लेषणाचे दोन भाग केलेत, 'पाण्यासाठी' आणि 'पाण्याशिवाय'. शीर्षक बदलून मागितलं, सर म्हणाले 'कसब्यातील तीन हौद : नळानंतरचा वापर' चालेल. प्रस्तावनेची सुरुवात अशी केलीय, बघा जरा :

"१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही. शहराचा नळाचा पुरवठा कोलमडला. त्यानंतरचे दिवस कसब्यातील अनेक कुटुंबांनी जुन्या हौदांच्या आणि विहिरींच्या पाण्यावर काढले. मात्र हे हौद त्या दिवशी नव्याने उघडावे लागले नाहीत. ते वापरातच होते. ते वापरात का होते, हा या रिपोर्टचा प्रश्न आहे."

मागच्या_बाकावरून :
च्यायला, सहा वाक्यांत आलीस मुद्द्यावर. माझी सतरा पानं आठवून वाईट वाटलं.

कपाट_क्रमांक_नऊ :
छान. पण 'अनेक कुटुंबांनी' म्हणजे किती? तू सहा जणांशी बोललीस. 'मी बोललेल्या सहाही निवेदकांच्या घरी' असं लिही, तेवढंच तुला माहीत आहे. आणि चौथं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्याला तळटीप नाहीये.

पेठेतली_पोर :
हो ते निवेदक २ आणि ५ वरून आहे, टाकते. सहाही जणांनी हौदाचं सांगितलं नाही खरं तर, एकाकडे विहीर होती. बदलते.

खडू_फळा :
दोन बायका आणि चार पुरुष असं असताना 'पुरुष सांगत नाहीत' हे जपून मांड. अजून एकदोन आज्या मिळतात का बघ, वेळ आहे.

सदाशिव_सायकलवाला :
आणि वर्डमधे शीर्षकांना हेडिंग स्टाईल लाव म्हणजे अनुक्रमणिका आपोआप बनते, हाताने टिंबं मारत बसू नकोस. बाईंडिंगला अप्पा बळवंत चौकात आदल्या दिवशी संध्याकाळी गेलीस तर मेलीस, अख्ख्या पुण्याचे रिपोर्ट तेव्हाच येतात. दोन दिवस आधी सकाळी जा.