'ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी' : नेमका अर्थ काय?

(नौपाडा)
काल सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून दोन काका हमरीतुमरीवर आले. एकमेकांची जुनी लफडी काढू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातले आजोबा म्हणाले, "जाऊ द्या हो, ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी." दोघेही गप्प! घरी मुलीला अर्थ सांगितला, 'एकाच गावची माणसं सारखीच असतात'. पण मग ते गप्प का झाले? आणि बोरी-बाभळीच का, आंबा-फणस का नाही?

(कळवा)
ताई, सारखेपणा आहेच, पण म्हणीचा रोख ओळखीवर आहे. तुझे काटे मला ठाऊक, माझे तुला. मग कोण कोणाची वर्मं काढणार?

आंबा-फणस इथे चालणार नाहीत, कारण ही म्हण कोरडवाहू मुलखातली. माझं आजोळ सांगोल्याकडचं. तिथे माळावर, बांधावर हीच दोन झाडं. बाभळीचा काटा पांढरा, सरळ, चपलेतून आरपार जाणारा. बोरीचे काटेही जोडीने येतात, पण त्यातला एक सरळ आणि दुसरा आकड्यासारखा वाकडा. तो धोतर धरून ठेवतो. काट्यांवरून एकीने दुसरीला नावं ठेवावीत, अशी सोयच नाही.

आणि काट्यांवाचून तिथे चालतही नाही. शेताला कुंपण बोरी-बाभळीच्या फांद्यांचं. बाभळीचं लाकूड नांगराला नि गाडीच्या चाकाला, साल कातडी कमवायला, शेंगा शेळ्यांना, डिंक बाळंतिणीच्या लाडवात. पायात काटा मोडला की आजी बाभळीचाच ताजा काटा तोडून तो काढायची. 'काट्याने काटा काढणे' मी असं मांडीवर पाय ठेवून शिकलो.

(घणसोली)
बाभळीच्या काट्याचा आणखी एक शब्द : खाटीक पक्षी. नाकतोडे, सरडे काट्याला टोचून ठेवतो आणि सवडीने खातो. खाटकाच्या दुकानात मांस टांगलेलं असतं ना, तसं. म्हणून ते नाव.

(नौपाडा)
मुलीला बाभूळ दाखवायची तर इथे ठाण्यात कुठे? आमच्या गेटबाहेर एक आहे, पण तिला काटेच नाहीत.

(कळवा)
ती सुबाभूळ असणार. मूळची मेक्सिकोकडची, नावातच काय ती बाभूळ. म्हणीतली बाभूळ ती नव्हे. खरी बाभूळ कोकणातल्या पावसात फारशी रमत नाही. येऊरच्या जंगलात गेलात तर काटेरी खैर दाखवा. त्याच्यापासून कात, आणि कात काढणारे ते कातकरी. बोरं मात्र संक्रांतीच्या आधी जांभळी नाक्यावर मिळतीलच.

(नौपाडा)
दादा, एक राहिलं. उद्या मुलगी ही म्हण आजीला ऐकवेल. चालेल?

(कळवा)
आजीला नको. ही बरोबरीच्यांत म्हणायची, नाहीतर वडीलधाऱ्याने दोघांना मिळून ऐकवायची. बहिणीने गाभुळलेली चिंच लपवली आणि 'मी नाही गं' म्हणाली, की तिला बेलाशक म्हणावं.