यात्रा कमिटी ग्रुप : ठेव मोडायची का?

तात्या (खजिनदार): रामराम मंडळी. काल मी मीटिंगमधून उठल्यावर ठेव मोडून यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत पहिल्या नंबराला बुलेट द्यायचं ठरलं म्हणे. एक फोन तरी करायचा. ती ठेव २०१४ची आहे. मे महिन्यात शर्यतींवर सुप्रीम कोर्टाची बंदी आली, तेव्हा जमलेले इनामाचे पैसे मी आणि आबांनी बँकेत टाकले. शर्यतीचा घाट (धावपट्टी) परत भरेल या आशेवर.

बापू: तात्या, २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ला कायमचा निकाल लागला. आता कुणासाठी राखायची? पिंपरी-चिंचवडच्या चिखलीला २०२२ला जेसीबी होता इनामात. आपण अजून फ्रीज आणि ढाल. नामांकित गाडे येतील कशाला?

मामा: जेसीबी आणलाच तर आधी आमच्या वस्तीचा रस्ता करा 😀

नाना मुंबईकर: दोन वर्षांचा हिशोब ग्रुपवर टाका.

तात्या: बापू, इनामाच्या आधीचा खर्च बघ. परवानगीची अनामत, जनावरांचे डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, चित्रीकरण, बॅरिकेड, मंडप. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड, नाहीतर कैद. एका वर्षी पाऊस आला, बाऱ्या (गाड्यांच्या फेऱ्या) अर्ध्यावर राहिल्या तर टोकनचे, म्हणजे गाड्यांच्या नावनोंदणीचे पैसे कुठून परत करायचे?

अप्पा: बंदीच्या सात वर्षांत ज्यांनी बैल विकले त्यांनी आता इनामं ठरवू नयेत.

बापू: अप्पा, नाव घेऊन बोला. आम्ही बैल विकला तो वडिलांच्या आजारपणात. खोंडं तर पुन्हा घेतलीच ना?

वहिनी (सरपंच): दोघंही थांबा. ग्रुपवर पोरंसोरं आहेत.

नाना मुंबईकर: दोन वर्षांचा हिशोब ग्रुपवर टाका. तिसऱ्यांदा विचारतोय.

तात्या: नाना, ऑडिट झालंय, वही माझ्या घरी आहे. रात्री फोटो टाकतो. मागची वर्गणीही बाकी आहे तुमची, पावती फाडून ठेवलीय.

नाना मुंबईकर: पाठवतो आज 🙏 पण हिशोब टाका.

वहिनी (सरपंच): ठेव मोडायला सह्या कुणाच्या लागतात?

तात्या: माझी आणि आबांची.

अप्पा: आबांना जाऊन दोन वर्षं झाली.

तात्या: तेच सांगतोय. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आपण दिलाच नाही. बँक नवी सही घेईना. बुलेट राहू द्या, ठेवीचं नूतनीकरणसुद्धा अडलंय.

बापू: हे काल का नाही सांगितलं तात्या?

तात्या: सांगायलाच उभा राहिलो होतो. तेवढ्यात तुम्ही बुलेटचा रंग ठरवायला लागलात.

बापू: चुकलं तात्या. सोमवारी मी गाडी काढतो. आबांचा मृत्यूचा दाखला आणि ठरावाची वही घेऊन ठेवा.