पहिली मीटिंग: आत जाण्याआधी किती चकरा मारल्या?

मी तीनदा परत आलो. नागपुरात सदरमधल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (एए) मीटिंग असते, एवढं कळलं होतं. पहिल्यांदा फाटकावरून फिरलो, दुसऱ्यांदा दारावरून. तिसऱ्यांदा आत कुणीतरी खळखळून हसलं. दारू सोडायला बसलेली माणसं हसतात कशी, याचाच राग आला आणि सरळ बार गाठला. चौथ्यांदा आत गेलो, त्याला आता सहा वर्षं होतील.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे काय, ते सगळीकडे वाचायला मिळतं. १९३५ साली अमेरिकेत शेअर बाजारातला एक माणूस आणि एक डॉक्टर, दोघंही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलत बसले त्यातून एए सुरू झालं. फी नाही, अट एकच: दारू थांबवायची इच्छा. पण फाटक ते दार या पन्नास पावलांबद्दल कुणी बोलत नाही. तेवढंच लिहा. नाव नको, वस्ती पुरे.

मानेवाडा
पत्ता सापडत नाही, असं बायकोला वर्षभर सांगितलं. नंबर मोबाइलमध्येच होता, ‘गॅसवाला’ नावाने. एका रात्री साडेअकराला लावला. वाटलं, आता प्रवचन. तर तिकडून विचारलं, “जेवले का?” मग म्हणाले, “उद्या पिऊन आले तरी या. फक्त बोलू नका, ऐका.” मी पिऊनच गेलो. चहा आला तो अर्धा कप. म्हटलं, काय कंजूस आहेत बे! मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. अर्धा होता म्हणून सांडला नाही. आता नवीन माणूस आला की त्याचा कप मीच भरतो, अर्धा.

इंदोरा
आमच्या घरात देव नाही. आजीने १९५६ साली बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली, माझे वडील तेव्हा तिच्या कडेवर. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातलं पाचवं शील तेच. आणि मी रोज संध्याकाळी विहारासमोरून मान खाली घालून देशीच्या दुकानात. अशोक विजयादशमीला घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं. सगळे पंचशील म्हणायचे, मी पाचव्याला नुसते ओठ हलवायचो.

पहिल्या मीटिंगला भिंतीवर दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांचा तक्ता दिसला. तिसऱ्या पायरीत ईश्वर. झालं, उठलो. चपला घालत होतो तर एक म्हातारे मास्तर बाहेर आले. “काऊन चालले?” म्हटलं, आमच्यात हे चालत नाही. “पुढचं वाचलं का? आम्हाला उमगलेला ईश्वर, असं आहे. मला बारा वर्षांत नाही उमगला.” मग हात कुणाला जोडता? “नाही जोडत. या खुर्च्यांवरच्या लोकांकडे पाहतो.”

परत जाऊन बसलो. प्रार्थना सुरू झाली की मी आजही गप्प असतो, कुणी काही म्हणत नाही. मागच्या विजयादशमीला पाचवं शील मोठ्याने म्हटलं. आईने वळून पाहिलं.

धरमपेठ
दारातच एका भल्या माणसाने सांगितलं, “ताई, घरच्यांची मीटिंग शनिवारी असते.” म्हटलं, दादा, पिते मी. दोन महिने खोलीत बाई मी एकटीच, शेवटच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर. त्रास एवढाच की बोलणारे पुरुष माझ्याकडे बघून शिव्या गिळायचे आणि गोष्टीची मजाच जायची.

हिंगणा रोड
एक महत्त्वाचं. मीटिंगला जायच्या जोशात मी वीस वर्षांची रोजची दारू एका दिवसात बंद केली. दुसऱ्या रात्री फिट आली, तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या चालताना दिसायला लागल्या. भरती केलं, सलाईन, थायमिनची इंजेक्शनं, शांत करणारी औषधं. डॉक्टरांनी सांगितलं, इतकी जुनी दारू अशी तोडली तर जिवावर बेतू शकतं. हात थरथरत असतील, घाम फुटत असेल तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. मी पहिल्या मीटिंगला गेलो तेव्हा हातावर सलाईनची चिकटपट्टी तशीच होती.

महाल
नवरा गेलाच नाही. मी गेले, घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन असते तिथे. दरवर्षी इडापिडा घालवायला निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडताना मी मनात त्याची बाटली जोडायचे. दारू सुटावी म्हणून चहात घालायची पुडीही आणून झाली होती. त्याला नुसते जुलाब झाले. वाटलं, इथे खात्रीचा उपाय सांगतील. त्या बायका म्हणाल्या, तुम्ही त्याला प्यायला लावलं नाही, तुम्ही त्याला आवरू शकत नाही, बरंही करू शकत नाही. असा संताप आला! मग सतरा वर्षं मी करते काय? त्या रात्री तो ओसरीत पडला होता. पहिल्यांदाच ओढून आत आणलं नाही. पांघरूण टाकलं आणि झोपले. अजून पितो.

कामठी
मला नाही जमलं. चार मीटिंगा केल्या, तेच ते रडगाणं. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन लावला, त्यांनी जवळचं केंद्र सांगितलं. समुपदेशन आणि गोळ्यांवर दोन वर्षं बंद आहे. एएवाल्यांनी रागावू नये.

वाडी
मंगळवारी सदरला गेलो होतो. दाराबाहेरच्या चपला मोजल्या. चौदा जोड, त्यात एक लेडीज. परत आलो.

धरमपेठ
तो माझा. गुरुवारी सव्वासहाला मी फाटकाशीच असते, मुलीशी फोनवर बोलत.