सार्क कायनेज: एका जागी फॉस्फेट लागला की चालू, दुसऱ्या जागी लागला की बंद. कसं?

पेशीवेडा:
सार्क कुटुंबातल्या कायनेजांपाशी (प्रथिनांवर फॉस्फेट लावणारी एंझाइमं) अडकलोय. ४१६व्या जागेवरच्या टायरोसिनवर (एक अमिनो आम्ल) फॉस्फेट लागला की एंझाइम चालू, शेपटीतल्या ५२७व्यावर लागला की बंद. रसायन तेच, मग परिणाम उलटा का? शेपटी सक्रिय जागेचं तोंड बुजवते का?

कायनेजवाली:
नाही, तोंड मोकळंच असतं! या रेणूतली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट हीच. ५२७वरच्या फॉस्फेटला त्याच प्रथिनाचा एसएच२ नावाचा भाग पकडतो, आणि एसएच३ नावाचा भाग एसएच२ व कायनेज भागांमधल्या दुव्याला धरतो. दोघंही बसतात सक्रिय जागेच्या पाठीमागे. पण त्या पकडीमुळे आतली सी-हेलिक्स (कायनेज भागातला एक मळसूत्री तुकडा) बाहेर ढकललेली राहते, आणि तिच्यावरचं ३१०वं ग्लुटामेट २९५व्या लायसिनपासून तुटतं (दोन्ही अमिनो आम्लंच). ही जोडी जुळली नाही तर एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) कामाच्या स्थितीत बसत नाही. ४१६वा मात्र सक्रियन-लूपवर (सक्रिय जागेजवळचा लवचीक पट्टा) आहे; तिथला फॉस्फेट लूपला उघडा धरून ठेवतो. म्हणून फॉस्फेट कुठे बसला आणि त्याला कोणी धरलं, तेवढंच बघा.

आणि ही शेपटीची पकड मुद्दामच ढिली आहे. एसएच२ला फॉस्फोटायरोसिनपुढे (फॉस्फेट लागलेला टायरोसिन) ग्लुटामेट-ग्लुटामेट-आयसोल्युसिन हवं असतं. शेपटीत आहे ग्लुटामिन-प्रोलिन-ग्लायसिन. त्यामुळे जास्त आवडीचा फॉस्फोटायरोसिन दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर भेटला की एसएच२ शेपटी सोडतो. घट्ट पकड असती तर हे एंझाइम कधी जागंच झालं नसतं.

पेशीवेडा:
आता उलगडलं. पण ५२७वर फॉस्फेट लावतं कोण? आणि शेपटीच नसेल तर?

कायनेजवाली:
लावतं सीएसके नावाचं दुसरं कायनेज, काढतात फॉस्फेटेज. शेपटी नसेल तर काय होतं ते राउस सार्कोमा विषाणूने दाखवलंय. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबड्यांतल्या ज्या गाठींबद्दल लिहिलं, त्यांच्या मुळाशी असलेल्या व्ही-सार्कमध्ये (विषाणूतला सार्क) शेपटीचा तो तुकडा बदललेला आहे, ५२७वा टायरोसिनच नाही. कुलूप लागायला जागाच उरत नाही.

जेलपट्टी:
प्रयोगाच्या बाजूने एक भर. सार्कचा कायनेज भाग ई. कोलायमध्ये बनवायचा असेल तर सोबत टायरोसिन फॉस्फेटेजही बनवून घ्या. नाहीतर तो जिवाणूची प्रथिनं फॉस्फोरिलेट करत सुटतो आणि हाती फारसं काही लागत नाही. आणि हे सगळे क्रमांक कोंबडीच्या सार्कचे आहेत. माणसात ४१९ आणि ५३०. प्रतिपिंड मागवताना हे जरूर तपासा.