स्विंडनमध्ये आई-वडिलांना चालण्यासाठी सोप्या हिरव्या वाटा कोणत्या?

फोंडेकर

नमस्कार. माझी धाकटी बहीण इंग्लंडमधील स्विंडन येथे राहते. आपल्या गोव्यातील कितीतरी कुटुंबे त्या गावात स्थायिक झालेली असल्यामुळे इथल्या अनेकांना तो परिसर परिचित असेल, या विश्वासाने विचारतो. माझे आई-वडील मे महिन्याच्या मध्यावर तिच्याकडे जात आहेत आणि ऑक्टोबर संपेपर्यंत तिथेच राहतील. बहीण व मेहुणे दोघेही पाळीच्या नोकरीत असल्याने दिवसाचा बराचसा वेळ आई-वडील घरी एकटेच असतील. फोंड्यात पहाटे उठून तासभर चालण्याचा दोघांचा नेम आहे आणि तो मोडला की वडिलांचा गुडघा आखडतो. मोठा चढ नसलेल्या, मध्ये मध्ये बसायला बाक असलेल्या, झाडा-पाण्याच्या सोबतीने जाणाऱ्या आणि गाडीशिवाय गाठता येतील अशा वाटा गावातच आहेत का? सुरुवात कुठून करावी?

डिचोलीकर, मुक्काम स्विंडन

आपल्या आई-वडिलांनी निश्चिंत मनाने यावे. वाटा भरपूर आहेत. मात्र त्या निवडताना अंतरापेक्षा पायाखालची जमीन पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. स्विंडनचा जुना भाग, म्हणजे ओल्ड टाउन, चुनखडीच्या टेकडीवर वसलेला आहे आणि रेल्वेच्या कारखान्याभोवती वाढलेला नवा भाग खालच्या चिकणमातीवर आहे. वरच्या वाटांवरचे पाणी लवकर निचरते, परंतु तिथे जायला चढावे लागते. खालच्या वाटा सपाट आहेत, परंतु पाऊस झाला की त्यांतल्या कच्च्या वाटांवर चिखल होतो आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाला दोन किलोमीटर अंतरापेक्षा निसरड्या पन्नास पावलांचा त्रास अधिक होतो.

सुरुवात कोट वॉटरपासून करावी. विल्ट्स अँड बर्क्स कालव्याला पाणी पुरवण्यासाठी 1820च्या दशकात कोल नदी अडवून केलेला हा तलाव आहे. कालवा 1914मध्ये अधिकृतपणे बंद झाला आणि तलाव लोकांच्या फिरण्याचे ठिकाण बनला. काठाकाठाने संथ चालीने तासाभरात पूर्ण फेरी होते. बंधाऱ्याकडची बाजू सपाट व पक्की असून तिथेच उपाहारगृह, स्वच्छतागृह आणि बाक आहेत. पाण्यात उभा असलेला सूर मारण्याचा काँक्रीटचा मनोरा 1935चा आहे; पोहणे आता बंद असले तरी त्याची संरक्षित वास्तू म्हणून नोंद आहे. पलीकडच्या टोकाला पक्ष्यांसाठी राखलेला भाग आहे आणि तिथली वाट ओलसर असते. पहिल्या आठवड्यात तिकडे न जाता बंधाऱ्यावरूनच जाऊन-येऊन चालावे. मे-जूनमध्ये टिबुकलीच्या कुळातला, डोक्यावर तुरा असलेला मोठा ग्रीब पक्षी इथे पिल्लांना पाठीवर घेऊन पोहताना दिसतो. पिल्लांच्या तोंडावर काळे-पांढरे पट्टे असतात आणि आईच्या पंखांतून तेवढीच तोंडे बाहेर डोकावत असतात. आपल्या आईंना हे नक्की दाखवा. एक उणीव सांगतो : दक्षिणेला महामार्ग जवळ असल्यामुळे वारा त्या बाजूचा असला की वाहनांची घरघर सतत ऐकू येते.

पेडण्याचा वाटसरू

वरील प्रतिसादातील जमिनीविषयीचा मुद्दा पूर्णपणे पटला. पण सुरुवात कोट वॉटरपासून करावी हे मात्र पटत नाही, कारण फेरीच्या मध्यावर थकवा आला तर परतायलाही तेवढेच अंतर उरते. काम संपवून मी आता गोव्यात परतलो असलो, तरी तिथे असताना माझी रोजची वाट ओल्ड टाउनमधील जुन्या रेल्वेमार्गाची होती आणि गुडघ्यासाठी तिच्याइतकी सोयीची वाट मला गावात दुसरी दिसली नाही. या मार्गावरील प्रवासी गाड्या 1961मध्ये थांबल्या. पुढे रूळ निघाले आणि त्या जागी चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी वाट झाली. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, म्हणून टेकडीवरून खाली उतरतानाही हा रस्ता इतका हळूहळू उतरतो की पायाला जाणवत नाही. टेकडी कापून काढलेल्या भागात दोन्ही बाजूंना दगडाचे थर उघडे दिसतात; भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने ते महत्त्वाचे असल्याने त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. शक्ती असेल तितके पुढे जावे आणि वाटेल तिथून मागे फिरावे. सायकलवाले मागून घंटी वाजवतात तेव्हा दचकून वाट ओलांडू नये, आपल्या कडेनेच चालत राहावे. एवढे मात्र वडिलांना आधी सांगून ठेवावे.

तिथून टाउन गार्डन्स जवळच आहे. बांधकामाचा दगड काढून झालेल्या खाणींत 1894मध्ये ही बाग केली गेली. खाणीचा खोलगटपणा आजही जाणवतो आणि त्यामुळेच आत वारा कमी लागतो. गुलाबाचे ताटवे व वाद्यवृंदाचा मंडप आहे. खाणकाम थांबलेल्या आपल्या डिचोली-सत्तरीतील जागा पाहिल्या की ही बाग मला हटकून आठवते. दगड संपल्यावर जमिनीचे काय करावे याचा विचार त्या गावाने सव्वाशे वर्षांपूर्वी केला, याचा मला मनापासून आदर वाटतो.

सांखळीच्या आजी

मी मुलाकडे राहून आलेली आहे, म्हणून वयाने मोठ्या माणसांच्या बाजूने थोडे लिहिते. आपल्याकडे उजेडाच्या वेळा वर्षभरात फारशा बदलत नाहीत. तिथे जूनमध्ये पाचच्या आधी सूर्य उगवतो आणि रात्री सव्वानऊनंतरही मावळतीचा उजेड असतो. त्यामुळे आपल्या पहाटेच्या सवयीचा हट्ट धरू नये. पहाटे गवतावर दव असते, उपाहारगृहे व स्वच्छतागृहे उघडलेली नसतात आणि बागेत फारसे कोणी नसते. दहाच्या सुमारास निघावे, म्हणजे नातवंडांना घेऊन आलेले, कुत्री फिरवणारे असे सगळे लोक भेटतात. कुत्री मोकळी धावतात, पण मालक जवळच असतो; त्यांच्याकडे लक्ष न देता सरळ चालत राहिले की ती निघून जातात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जाते आणि पाचच्या सुमारासच अंधारू लागते, हे आपल्या आई-वडिलांच्या परतण्याच्या दिवसांत लक्षात ठेवावे लागेल.

मला स्वतःला सर्वांत जास्त आवडले ते पश्चिमेकडचे लिडियार्ड पार्क. सेंट जॉन घराण्याची ती जुनी जहागीर 1943मध्ये गावाच्या नगरपालिकेने विकत घेतली, म्हणून आज कोणीही तिथे मोकळेपणाने फिरू शकते. वाड्यासमोरची हिरवळ, तळे, चारी बाजूंनी भिंत असलेली बाग आणि मोठमोठी जुनी झाडे यांत सकाळ कशी जाते ते कळत नाही. वाड्याच्या मागेच सेंट मेरी चर्च आहे. उघडे असेल तर आत जाऊन सोनेरी मुलामा दिलेला योद्ध्याचा उभा पुतळा अवश्य पाहावा. तो 1645मध्ये मरण पावलेल्या त्या घरातील एका मुलाचे स्मारक आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. मुलगा गमावलेल्या आईबापांचे दुःख चार शतकांनंतरही परके वाटत नाही.

ऑगस्टनंतर कुंपणांच्या झुडपांवर ब्लॅकबेरी पिकतात. लोक डबे घेऊन येतात आणि वाटेवरची फळे तोडायला कोणी मनाई करत नाही. मात्र त्याच झुडपांत नेटल नावाचे, खाजकुयलीसारखी आग करणारे झाड असते. तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

फोंडेकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. बहिणीशी बोललो, तिचे घर रेल्वे स्थानकाच्या जवळच्या भागात आहे. तिथून रोज ओल्ड टाउनचा चढ चढणे वडिलांना जमणार नाही. जवळ काही आहे का?

डिचोलीकर, मुक्काम स्विंडन

मग रोजच्यासाठी फॅरिंगडन रोड पार्क ठरवून टाका. रेल्वेच्या कामगारांसाठी बांधलेल्या दगडी घरांच्या वसाहतीला लागून असलेले ते मैदान आहे. सपाट, डांबरी वाटांचे आणि मोठ्या झाडांच्या सावलीचे. आधी वसाहतीच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारावी आणि मग मैदानाला फेऱ्या घालाव्यात. ओल्ड टाउनला जाताना बसने वर जावे आणि रेल्वेमार्गाच्या वाटेने उतरत यावे. वाटसरूंनी सांगितलेली वाट त्या दिशेने वडिलांना सहज जमेल. कोट वॉटर आणि लिडियार्ड बहिणीच्या सुट्टीच्या दिवसांसाठी ठेवावे. बूट मात्र गोव्यातून खाचांच्या रबरी तळव्याचे व पायाला आधीपासून सरावलेले आणावेत, कारण तिथे आल्यावर घेतलेले नवे बूट पहिल्याच आठवड्यात पायाला फोड आणतात.