कारुसो मोठा झाला तो गळ्यामुळे की भोंग्यामुळे?

जुनी_तबकडी:
इटलीचा ऑपेरा गायक एन्रिको कारुसो, त्याला आजही 'सर्वकाळातला सर्वश्रेष्ठ टेनर' (टेनर म्हणजे पुरुषाचा उंच पट्टीतला आवाज) म्हणतात, ते मला पटत नाही. माणूस योग्य वेळी रेकॉर्डिंगच्या भोंग्यासमोर (तेव्हा मायक्रोफोन नव्हता, भोंग्यातच गायचं) उभा राहिला, एवढंच. एप्रिल १९०२ मध्ये मिलानच्या एका हॉटेलात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गनं त्याची दहा गाणी एका दुपारी तबकडीवर घेतली, मानधन १०० पौंड. (हाच गाइसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्याला येऊन गौहरजानला मुद्रित करून गेला.) त्या यंत्राला बायकांचे तार स्वर आणि व्हायोलिन धड पकडता येत नव्हते, भरदार टेनर मात्र झकास उतरायचा. आता तुलना कोणाशी करणार? त्याच्या आधी न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरा गाजवणारा टेनर झां द रेश्के मेणाच्या मुद्रण-सिलिंडरच्या खरखरीत जेमतेम ऐकू येतो. व्हेर्दीच्या 'ओतेल्लो' ऑपेराचा पहिला नायक तमान्यो तबकडीपाशी पोचला तो पन्नाशी उलटल्यावर. मैदानात एकटाच उरला की पहिला नंबर ठरलेलाच!

खर्ज:
अहो, भोंगा काय कारुसोसाठी राखून ठेवला होता? फेर्नांदो दे लुचिया या टेनरनंही त्याच वर्षी मुद्रण केलं. आणि १९०३ ते १९२० या काळात मेट्रोपोलिटनमध्ये कारुसोचे ८००हून जास्त प्रयोग झाले. ते श्रोते काय तबकडी ऐकायला तिकीट काढत होते? १९१३ मध्ये फिलाडेल्फियात 'ला बोहेम' ऑपेरा रंगात आलेला असताना खालच्या पट्टीत गाणाऱ्या देसेगुरोलाचा आवाज बसला. शेवटच्या अंकात जुन्या कोटाचा निरोप घेणारं त्याचं गाणं कारुसोनं, म्हणजे नायकानं, खर्जात उतरून म्हणून टाकलं! यात भोंग्याचा काय संबंध?

जुनी_तबकडी:
किस्सा झकास आहे, पण एका रात्रीचा. नेपल्सचं काय? १९०१ च्या अखेरीस तिथल्या सान कार्लो ऑपेरागृहात 'लेलिसिर दामोरे' गायला, तर घरच्याच गावानं थंड स्वागत केलं. त्यानंतर तिथं गायचं नाही, फक्त जेवायला यायचं, असं ठरवलं नि शेवटपर्यंत पाळलं. ते श्रोते कानाचे पक्के होते, त्यांना मध्ये यंत्र नव्हतं.

खर्ज:
तेव्हा तो २८ वर्षांचा होता हो! त्याच ऑपेरातलं 'ऊना फुर्तीवा लाग्रिमा' त्यानं १९०२ मध्ये मुद्रित केलं आणि १९११ मध्ये पुन्हा. पहिल्यात आवाज हलका, कोवळा. दुसऱ्यात तोच माणूस दाट, काळसर, जवळजवळ बॅरिटोनच्या, म्हणजे टेनरहून खालच्या आवाजाच्या, वजनाचा. मधल्या काळात, १९०९ मध्ये, गळ्याची शस्त्रक्रियाही झाली होती. भोंगा दोन्ही वेळा होताच की. बदलला तो गळा.

आडठेका:
तुम्ही दोघं तबकड्या मोजत बसा. माझी तक्रार निराळी आहे. दे लुचिया ऐका: स्वरावर रेंगाळणं, बारीक हरकती, लय ओढून धरणं. कारुसोनंतर हे सगळं जुनाट ठरलं. 'पाल्याची' ऑपेरामधलं 'वेस्ती ला जुब्बा', त्यातलं हसू आणि हुंदका इतकं चाललं की पुढच्या टेनरांनी हुंदकाच उचलला. त्याच्या नावावर हे नुकसानही मांडायला हवं.

खर्ज:
नकलाकारांचं खापर त्याच्या डोक्यावर का? 'ऊना फुर्तीवा'मध्ये तो स्वर हळूहळू बारीक करत नेतो, तो भाग कुणीच उचलत नाही. अवघड आहे ना!

आडठेका:
उचलत नाही, कारण बाजारात जोर विकला जातो. नकलाकारांना शिकवलं कुणी? त्याच्याच तबकड्यांनी.

जुनी_तबकडी:
म्हणजे फिरून भोंगाच! १९२१ मध्ये माणूस गेला आणि १९३२ मध्ये कंपनीनं त्याच्या जुन्या तबकड्यांवर नवा वाद्यवृंद चढवून पुन्हा बाजारात आणल्या. कीर्ती कोण चालवत होतं, ते यावरूनच कळतं.

खर्ज:
नवा वाद्यवृंद चढवावा लागला, कारण भोंग्यानं जुन्याचा पार कचरा केला होता. गाणाऱ्याचा आवाज तोच ठेवला. आधी १९०२ आणि १९११ लागोपाठ ऐका, मग भांडू.