मदत हवी आहे: होडीचं इंजिन पेट्रोल फार खातंय

भीमाकाठ: राहायला पुण्यात, पण शेत उजनी धरणाच्या फुगवट्यापलीकडे, भिगवणच्या बाजूला. शनिवार-रविवार होडीनेच ये-जा, आणि थंडीत घरच्या पाहुण्यांना पक्षी दाखवायलाही तीच. पेट्रोल भयंकर जातंय. मेकॅनिकने कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलला, फरक शून्य. या रविवारच्या आत काहीतरी करायचंय. इंजिन विकू का?

पंखेवाला: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? किती एचपी? होडी किती फुटी? भयंकर म्हणजे तासाला किती लिटर?

शांतपाणी: विका आणि इलेक्ट्रिक मोटर घ्या. आवाज नाही, पक्षी उडत नाहीत.

जुना_नावाडी: आणि पलीकडे पोचायचं कसं? लिटरभर पेट्रोलात साधारण ९ युनिट ऊर्जा असते. त्यातला पाचवा हिस्सा होडीच्या पाण्यातल्या पंख्यापर्यंत पोचला तरी पावणेदोन युनिट होतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत जेमतेम १.२, आणि लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातलीही निम्मीच वापरावी.

शांतपाणी: लिथियम घ्या ना. आणि सावकाश गेलं तर पुरते.

कोथरूडकर: मुठेतून ऑफिसला जायची बोटसेवा का होत नाही, यावर खरं तर कुणीतरी लिहायला हवं.

जुना_नावाडी: उन्हाळ्यात जाऊन पात्र बघा. धरणातून सोडलं तरच तिथे होडी चालण्याइतकं पाणी. इथे मूळ प्रश्नाचं बोला.

सिंहगडरोड: ई२० पेट्रोलचा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, परिणाम आहे हा. पाणी शोषतं, टाकीच्या तळाशी थर बसतो.

पंखेवाला: इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, म्हणजे ई२० मुळे सहा-सात टक्के. भयंकर नाही. भीमाकाठ, आकडे द्या हो.

भीमाकाठ: फोर-स्ट्रोक, १० एचपी, १६ फुटी फायबर. पाच माणसं, कधी खताची पोती. तासाला साडेतीन लिटर. थ्रॉटल पूर्णच असतो, नाहीतर वेळ जातो.

पंखेवाला: मग इंजिन ठणठणीत आहे, विकू नका. १० एचपीचं फोर-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तेवढंच पितं. खोट वेगात आहे. नाक वर आणि मागचा भाग पाण्यात रुतलेला असतो ना? १६ फुटी होडी पाणी कापत जाते ती ताशी नऊ-दहा किलोमीटरपर्यंत. त्यापुढे ती स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते, आणि एवढ्या वजनाला १० एचपी तिला वर उचलू शकत नाही. पेट्रोल त्या चढावर जळतं. वेग पाचव्या हिश्शाने कमी करा, ताकद जवळपास निम्मी लागेल. पोती मधोमध ठेवा, मागे नको.

सिंहगडरोड: तरी टाकी तपासाच.

माशीमार: पंखाही बघा. तिथे जलपर्णी आणि जाळ्यांचे तुकडे अडकतात. पाती वाकली असतील तर वेग कमी करून पुरतं जमणार नाही.

पंखेवाला: बरोबर. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत तो जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर, किती? पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती?

भीमाकाठ: मीटर नाही. पंख्यावर काही आकडे कोरलेत, शनिवारी फोटो टाकतो. पण सावकाश गेलो तर वाऱ्यात होडी भरकटते, त्याचं काय?